रोमचीं बेवारशी मांजरें

ज्यूलियस सीझरचा वध कोठें झाला असें विचारल्यास सुशिक्षितांपैकीं बहुतेक जण कॅपिटॉलचें नांव सांगतील. कारण शेक्सपिअरनें आपल्या नाटकांत तसें दाखविलें आहे. वस्तुतः ख्रिस्तपूर्व ४४ सालच्या मार्च महिन्याच्या पंधराव्या तारखेस रोमची वरिष्ठ सभा पाँपीच्या नाटकगृहास लागून असलेल्या सभागृहांत भरली होती, आणि तेथेंच ब्रूटसादि मंडळींनीं आपला बेत तडीस नेला. त्या सभागृहाच्या पायाचा कांहीं भाग आज लार्गो अर्जेंतीना नांवाच्या चौकांत, रस्त्याच्या पातळीखालीं, पाहावयास मिळतो. प्रवासी कठड्याशीं उभे राहून खालीं डोकावतात, आणि सीझरचा शोध करतां करतां त्यांची दृष्टि भलतीकडेच जाते. मोडक्या खांबांवर, पायऱ्यांवर आणि देवळांच्या जोत्यांवर मांजरें उन्हांत पसरलेलीं असतात. त्यांतील कित्येकांच्या एका कानाचें टोक कापलेलें दिसतें. त्या लहानशा खुणेमागें मनुष्याच्या दयेचा एक बोधप्रद इतिहास आहे. तोच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

देवळें जुनीं असलीं तरी चौकाचें आजचें स्वरूप अलीकडचें आहे. १९२६ सालीं शहरसुधारणेसाठीं येथील जुनीं घरें पाडण्यास प्रारंभ झाला, तेव्हां मातीखालून प्रजासत्ताक-काळांतील चार देवळें निघालीं. नव्या इमारती उठविण्याचा विचार त्यामुळें मागें पडला, आणि १९२९ सालच्या एप्रिल महिन्यांत मुसोलिनीच्या हस्तें ही जागा लोकांस दाखविण्यांत आली. रस्त्यापेक्षां बरीच खोल, चारी बाजूंनीं बंदिस्त, माणसांची वर्दळ नाहीं, आणि ऊन खात बसण्यास दगड मुबलक. अशी जागा बेवारशी मांजरांस मानवली नसती तरच नवल! तीं तेथें आलीं आणि राहिलीं. त्यांच्या पाठोपाठ त्यांस खाऊं घालणाऱ्या बायकाहि आल्या. इटालियन भाषेंत मांजरास 'गात्तो' म्हणतात. त्यावरून या बायकांस 'गात्तारा' असें नांव पडलें आहे. तें नांव अर्धें थट्टेचें आणि अर्धें मायेचें आहे. कागदांत गुंडाळलेलें उरलेंसुरलें अन्न घेऊन अशा बायका आपल्या ठरलेल्या जागीं येत आणि मांजरें त्यांच्या पावलांचा आवाज ओळखीत. प्रसिद्ध नटी आना मान्यानी हीहि या चौकांतील मांजरांस खाऊं घालीत असे, असें सांगतात.

या दयेस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु नुसत्या दयेस हिशेब कळत नाहीं, ही तिची उणीव आहे. मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. ती वर्षांतून दोनतीनदां विते आणि एका वेळीं चारपांच पिलें घालते. त्यांतील पुष्कळ पिलें मरतात. पण अन्न वाढलें कीं जगणारींहि वाढतात, गर्दी होते, रोग पसरतात, आणि ज्यांस वांचवावयाचें त्यांचेच हाल अधिक होतात. हिशेब न पाहिल्यास गोष्ट कोठवर जाते याचें एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यांतील मॅरियन बेटावर घडलें. तेथील ठाण्यांत उंदरांचा उपद्रव होऊं लागला म्हणून १९४९ सालीं पांच मांजरें नेण्यांत आलीं. १९७७ सालापर्यंत त्यांचीं सुमारें ३,४०० झालीं, आणि तीं दरवर्षीं लाखों समुद्रपक्षी मारूं लागलीं. अखेरीस त्यांच्यांत रोग पसरवून, सापळे लावून आणि बंदुका चालवून १९९१ सालापर्यंत तीं सर्व नाहींशीं करावीं लागलीं. पांच मांजरें नेणाऱ्यांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. पुढचा विचार त्यांनीं केला नाहीं, एवढेंच. परंतु तेवढ्यानें पक्षीहि मेले आणि मांजरेंहि मेलीं.

बेवारशी जनावरांसाठीं संघटित काम इंग्लंडांत बरेंच आधीं सुरू झालें. मेरी टील्बी या बाईनें १८६० सालीं लंडनमध्यें भटक्या कुत्र्यांसाठीं आश्रयगृह काढलें. तें पुढें बॅटर्सी येथें गेलें आणि १८८३ पासून तेथें मांजरांसहि घेऊं लागले. १९२७ सालीं केवळ मांजरांच्या रक्षणासाठीं एक स्वतंत्र संघ निघाला. आपल्याकडेहि ही भावना नवीन नव्हती. सरकारच्या हुकुमानें चाललेल्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून १८३२ सालीं मुंबईस दंगा झाला, आणि १८३४ सालीं तेथें पांजरपोळाची संस्था निघाली, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

आश्रयगृह काय किंवा पांजरपोळ काय, दोहोंत जनावरास आंत घेऊन पोसण्याची कल्पना आहे. हरवलेल्या किंवा टाकलेल्या पाळीव मांजरास ती लागू पडते. पण जें मांजर उघड्यावरच जन्मलें, ज्याला दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतच्या वयांत माणसाचा हात लागला नाहीं, तें पुढें सहसा माणसाळत नाहीं. त्याला पिंजऱ्यांत कोंडून दूधभात घातला तरी तें कोपऱ्यांत अंग चोरून फिसकारत राहतें. त्याला घर देणें हे उपकार नव्हेत, ती शिक्षा होय. म्हणून अशा मांजरांस बहुधा दोनच वाटा उरत: उपासमार, किंवा दयाळू हातानें दिलेलें वेदनारहित मरण.

तिसरी वाट रुळली ती १९७० नंतरच्या दशकांत. रूथ प्लँट या इंग्रज बाईनें १९७७ सालीं या कामासाठीं एक संस्था स्थापन केली, आणि १९८० सालीं इंग्लंडांत भरलेल्या एका परिषदेंत प्राणिशास्त्रज्ञ व पशुवैद्य यांनीं या प्रश्नाचा शास्त्रीय दृष्टीनें विचार केला. पद्धत ऐकण्यास सोपी आहे. मांजर पिंजऱ्यांत धरावें, भूल देऊन नरास खच्ची करावें व मादीस वंध्य करावें, त्याच वेळीं खुणेसाठीं कानाचें टोक किंचित् कापावें, आणि मांजर बरें झालें म्हणजे जेथून आणलें तेथेंच नेऊन सोडावें. तेथें कोणीतरी त्यास रोज खाऊं घालावें आणि नवें मांजर आलें कीं लक्ष ठेवावें. सर्वांस मारून अगर हलवून जागा रिकामी केली, तर जोंवर तेथें अन्न आहे तोंवर दुसरीं मांजरें येतात व पुन्हां तोच क्रम सुरू होतो. उलट वंध्य केलेलीं मांजरें आपली जागा राखून राहतात, भांडणें व रात्रीचें ओरडणें कमी होतें, आणि संख्या हळूहळू उतरते. अर्थात् ही पद्धत शहरापुरती होय. मॅरियनसारख्या बेटावर, जेथें एकेक मांजर पक्ष्यांचा काळ ठरतें, तेथें ती चालणार नाहीं, हें तिच्या अभिमान्यांनींहि मान्य केलें पाहिजे.

इटलीनें या विचारास कायद्याचें रूप दिलें. १९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील २८१ व्या कायद्यानें मोकळ्या राहणाऱ्या मांजरांस त्रास देण्याची मनाई झाली. आरोग्यखात्यानें त्यांस वंध्य करून त्यांच्या जागीं परत सोडावें, गंभीर आजार किंवा असाध्य रोग जडल्याखेरीज त्यांस मारूं नये, आणि त्यांच्या वसाहतींची व्यवस्था प्राणिरक्षक संस्थांस पाहतां यावी, असें त्यांत ठरलें. थट्टेचा विषय झालेल्या गात्तारांच्या कामास अशा रीतीनें प्रतिष्ठा आली.

१९९३ च्या सुमारास अर्जेंतीना चौकांत कांहीं बायकांनीं पद्धतशीर काम हातीं घेतलें. त्यांत एक ऑपेरा-गायिकाहि होती. रस्त्याखालच्या एका पोकळींत, जेथें ताठ उभें राहतां येत नव्हतें व आरंभीं पाण्याची आणि विजेची सोय नव्हती, तेथें त्यांनीं आपलें ठाणें मांडलें. सकाळीं पिंजरे धुवावे, दुखणेकऱ्यांस औषध पाजावें, आंधळ्यापांगळ्यांस वेगळें ठेवावें, बाहेरच्यांस खाऊं घालावें आणि नवागतांस धरून पशुवैद्याकडे पोंचवावें, असा क्रम सुरू झाला. पैशाची तंगी नित्याचीच. तेव्हां कठड्याशीं थांबणाऱ्या प्रवाशांस खालीं बोलावून जागा दाखवावी व त्यांच्याकडून देणगी घ्यावी, लहानसहान वस्तु विकाव्या, ज्यांस मांजर घरीं नेतां येत नाहीं त्यांनीं एखादें मांजर 'दुरून दत्तक' घेऊन त्याचा खर्च पाठवावा, अशा युक्त्या निघाल्या. देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन येथें घाण काढूं लागले. या कामांत मानसन्मान नाहीं, आणि बरेंचसें काम मोरीशीं व फडक्याशीं संबंध असलेलें आहे. म्हणूनच तें टिकवून धरणाऱ्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. २००१ सालीं नगरसभेनें कलोसियम, फोरम व अर्जेंतीना येथील मांजरें शहराच्या वारशाचा भाग म्हणून मान्य केलीं.

तथापि संकट आलें तें घरांतूनच. २०१२ सालीं पुराणवस्तुखात्याच्या अधिकाऱ्यांनीं हें ठाणें प्राचीन देवळास लागून व परवानगीवांचून उभें असल्यामुळें हलवावें असें सांगितलें. मांजरांवर त्यांचा रोष नव्हता. तीं खुशाल राहोत, पण दवाखाना नको, असें त्यांचें म्हणणें. दोन हजार वर्षांच्या दगडांची काळजी करणारे एकीकडे, आज जिवंत असलेल्या जनावरांची काळजी करणारे दुसरीकडे. आणि खरें सांगावयाचें तर दोन्ही पक्ष आपल्या परीनें प्रामाणिक होते. मोठा गाजावाजा झाला आणि ठाणें जागच्या जागीं राहिलें. पुढें २०२३ च्या जून महिन्यांत देवळांमधून फिरण्यासाठीं वाटा बांधून ही जागा लोकांस खुली करण्यांत आली, तेव्हांहि मांजरें तेथेंच होतीं. दगड आणि प्राणी यांचा संसार एकत्र चालूं शकतो, असें यावरून म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा भाग अद्याप सांगावयाचा आहे. १९९१ ते २००० या दहा वर्षांत रोम शहरांत सुमारें ८,००० मांजरें वंध्य करून परत सोडण्यांत आलीं. त्यानंतर १०३ वसाहतींची पाहणी झाली, आणि ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली. मांजरांची संख्या सामान्यतः घटलेली आढळली. पण बाहेरून नव्यानें येऊन मिळणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें २१ होतें. कांहीं आपण होऊन आलेलीं. कांहीं लोकांनीं आणून टाकलेलीं. पाहणी करणाऱ्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, घरच्या मांजरांची वीण आवरण्याचें शिक्षण लोकांस दिलें नाहीं, तर हा सारा पैसा, वेळ आणि श्रम व्यर्थ आहेत. दहा वर्षें त्याच कामांत असलेल्या माणसांनीं असें लिहावें, यास धैर्य लागतें.

हें वाचून रोमच्या लोकांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. माळ्यावर मांजरीनें पिलें घातलीं कीं पुढें काय होतें, हें आम्हीं लहानपणीं आमच्याच घरीं पाहिलें आहे. पिलांचे डोळे उघडेपर्यंत मुलांनीं तीं खेळवावीं. मग एके दिवशीं गड्यानें तीं पिशवींत घालून मासळीबाजारांत नेऊन सोडावीं. 'तेथें त्यांना खायला मिळेल', असें वडीलधाऱ्यांनीं सांगावें, आणि मुलांनीं तें खरें मानावें. मारण्याचें पाप नको आणि पोसण्याची जबाबदारीहि नको, अशी ही सोय. मांजर डोळे मिटून दूध पितें आणि आपणांस कोणी पाहत नाहीं असें समजतें, म्हणून आपण त्याला हंसतों. पण ती पिशवी उघडतांना डोळे कोणाचे मिटलेले असतात? बाजारांतलें तें बेवारशी मांजर वाऱ्यावर जन्मलेलें नसतें. तें स्वतः नाहीं तर त्याची आई किंवा आजी कोणा प्रतिष्ठिताच्याच घरांतून तेथें पोंचलेली असते.

तेव्हां ज्यांस अशा संस्थांस साह्य करावयाचें आहे त्यांनीं द्रव्य द्यावें, सवड असल्यास आठवड्यांतून एक सकाळ द्यावी, गल्लींतल्या मांजरांस घालावयाचें तें ठरलेल्या वेळीं घालून जागा स्वच्छ करावी; हें सर्व चांगलेंच आहे. परंतु त्याआधीं आपल्या घरच्या मांजरीस पशुवैद्याकडे न्यावें. ही सेवा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं व तिच्याबद्दल कोणी आभारहि मानीत नाहीं. पण ती घरोघर झाली, तर अर्जेंतीना चौकांतील त्या बायकांच्या कामाला कधींतरी शेवट येईल. असा शेवट आपल्या कामास यावा, हीच त्यांची इच्छा असणार.