आभासी स्मृती व पृष्ठभांडाराची टंचाई

आभासी स्मृतीचा इतिहास बहुधा विस्ताराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत टिपणात त्याची दुसरी, म्हणजे नियंत्रणाची, बाजू पाहावयाची आहे.

प्रारंभीच्या गणकयंत्रांत मुख्य स्मृती महाग, आणि म्हणून अपुरी असे. या अडचणीवर मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी योजलेला उपाय डिसेंबर १९६२ मध्ये उद्घाटन झालेल्या ‘अ‍ॅटलस’ यंत्रात दिसतो. त्याची मुख्य स्मृती अवघ्या १६,३८४ शब्दांची होती; तिच्या पाठीशी सुमारे ९८,००० शब्द सामावणारे चुंबकीय ड्रम होते. तूर्त नको असलेली माहिती ५१२ शब्दांच्या पृष्ठांनी यंत्र स्वतःच ड्रमवर नेऊन ठेवी. आज्ञावली लिहिणाऱ्यास मात्र सर्व स्मृती एकसंध भासे.

ही सोय उसनवारीची होती, आणि तिच्यात दोन धोके होते. पहिला वेगाचा. एकाच वेळी फार आज्ञावल्या चालविल्यास यंत्राचा बहुतेक काळ पृष्ठांची ने-आण करण्यातच जाई. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची मीमांसा केली. आज्ञावलीस नजीकच्या काळात लागणाऱ्या पृष्ठांचा ‘कार्यसंच’ स्मृतीत मावत असेल तरच तिला प्रवेश द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरा धोका जागेचा. आयबीएमने १९७२ मध्ये सिस्टिम/३७० मालिकेसाठी आभासी स्मृती जाहीर केली, आणि मोठ्या कार्यालयांची कामे डिस्कवरील पृष्ठभांडारावर विसंबू लागली. हे भांडारच भरले, तर बदललेली पृष्ठे ठेवण्यास जागा उरत नाही. परिणामी मुख्य स्मृती मोकळी करता येत नाही, आणि एका बेफाम आज्ञावलीपायी सारे यंत्र बंद पडू शकते. म्हणून एमव्हीएस प्रणालीत दोन सीमा ठरविण्यात आल्या. ७० टक्के कप्पे भरताच चालकास इशारा मिळे व नव्या कामांना मज्जाव होई. ८५ टक्क्यांस स्थिती गंभीर मानली जाई. झपाट्याने कप्पे व्यापणारी कामे रोखून धरली जात. त्या अवधीत चालकाने दोषी काम रद्द करावे किंवा नवे भांडार जोडावे, अशी अपेक्षा असे.

दोन्ही उपायांचे मर्म एकच आहे. शेवटचा कप्पा भरल्यावर सावध होण्यात अर्थ नसतो, कारण सावरण्याच्या कामासही जागा लागते. तेव्हा शिल्लक राखलेले ३० टक्के कप्पे वाया गेलेले नसून, चालू कामे सुखरूप तडीस नेण्यासाठी ठेवलेले असतात. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा नियम आभासी स्मृतीने पुढे ढकलला. रद्द केला नाही.