केलेरचा पाव

जालना जिल्ह्यातलं भोकरदन मी एसटीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय. पण त्या गावाचा अभिमान पहिल्यांदा वाटला तो इटलीत, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात.

युरोपात शिकत असताना आमच्या वर्गाची तिथे सहल गेली होती. मॅडमनी काम दिलं होतं: एक वस्तू निवडा आणि रोमन माणसाच्या रोजच्या जगण्याबद्दल ती काय सांगते ते लिहा. माझी वस्तू घरूनच ठरली होती, 'पॉम्पेईची लक्ष्मी'.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली ही हस्तिदंती मूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, अंगावर दागिनेच दागिने. नाव लक्ष्मी पडलं, तरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. भोकरदन आणि तेरला याच धाटणीच्या मूर्ती मिळाल्यात, त्यामुळे ती आपल्याकडेच घडली असावी असंही काहींचं मत आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोच बंदरात येतो, अशी नोंद पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात आहे. तिथून पुढे जहाजं तांबड्या समुद्राकडे जात.

मी भरपूर फोटो काढले. 'आपली लक्ष्मी रोमन घरात' असा स्टेटसही टाकला.

मग जेवणाची वेळ होईपर्यंत उगाच फिरत राहिले आणि एका काळ्या गोळ्यापाशी थांबले. तो पाव होता. पॉम्पेईशेजारच्या हर्क्युलेनियम गावातला, त्याच उद्रेकाच्या उष्णतेनं कोळसा झालेला. गोल, वरून केकसारख्या खाचा पाडलेल्या, म्हणजे हातानं तुकडे सहज मोडावेत. आणि कडेला लॅटिन अक्षरांचा ठसा: क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम, केलेर याचा.

अनेक घरांचे पाव एकाच भट्टीत भाजले जात, तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून बहुधा असे ठसे मारत. केलेर या शब्दाचा अर्थ चपळ. गुलामांना अशी नावं बरेचदा मालकच देत. म्हणजे ज्याच्या नावानं हा पाव ओळखला जाई, त्याचं नावही कदाचित त्याचं स्वतःचं नव्हतं.

याच संग्रहालयात पॉम्पेईचं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या कपड्यातला माणूस पावांच्या ढिगामागे बसून लोकांना पाव देतोय. आधी त्याला पाववाला समजत. आता बरेच अभ्यासक म्हणतात, तो फुकट पाव वाटणारा पुढारी असावा. वाटणारा भिंतीवर आला. दळणारे, मळणारे, भट्टीसमोर घामेजणारे त्या चित्रात नाहीत.

मी परत मूर्तीकडे गेले. तेव्हा कुठे नीट दिसलं, तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी उभ्या आहेत, हातात तिच्या साजशृंगाराचं सामान घेऊन. माझ्या एकाही फोटोत त्या धड आल्या नव्हत्या. भोकरदनहून आलेल्या अभिमानात त्यांना जागाच नव्हती.

शेवटी मी पावावर लिहिलं. रोमन जगणं म्हणजे सम्राट, सैन्य, ग्लॅडिएटर असं मी समजत होते. प्रत्यक्षात ते जगणं रोज सकाळी कुणीतरी उठवून उभं करत होतं.

रात्री आईला फोन केला. आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव विचारलं. पगारी बाई आणि गुलाम एक नव्हेत, हे मला कळतं. तरीही विचारावंसं वाटलं.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थांब, उद्या त्या आल्या की विचारून सांगते."