ब्रिजटाउन पायी पाहताना

जहाजावरची ठरावीक सहल न घेता बार्बाडोसला उतरावं आणि बंदरातून चालत ब्रिजटाउन गाठावं, असं मी आग्रहाने सांगेन. वाट दीड-एक किलोमीटरची. आजचं खोल पाण्याचं बंदर 1961 चं. त्याआधी मोठी जहाजं कार्लाइल उपसागरात नांगरत आणि माल पडावांतून केरिनेजच्या खाडीत येई. याच खाडीत शिडाची जहाजं एका कुशीवर कलती करून तळाचे शिंपले खरवडत, फटी डांबराने बुजवत.

जवळच 1654 चं सिनेगॉग आहे. 1831 च्या वादळात ते पडलं, दोन वर्षांत पुन्हा बांधलं. आवारात 2008 साली जुनं स्नानकुंड सापडलं: दगडी पायऱ्या उतरत जातात, तळाशी जिवंत झऱ्याचं पाणी. माझा पाय तिथून लवकर निघाला नाही.

या बेटावर साखर बनवण्याची विद्या ब्राझीलहून आली आणि उसासाठी इंग्रज मळेवाल्यांनी आफ्रिकी माणसं गुलाम करून आणली. 1834 मध्ये गुलामगिरीबंदीचा कायदा लागू झाल्यानंतरही 1838 पर्यंत त्यांना मालकांकडे सक्तीने राबावं लागलं. न्यूटन मळ्यावर अशा सुमारे 570 जणांची दफनभूमी आहे. ती शहराबाहेर असल्याने टॅक्सी करावी लागते. तेवढा वेळ जरूर राखून ठेवावा.