टिटवाळा आणि उपनगरी घराचे बदलते निकष

मुंबईबाहेर घर घेऊ पाहणारे कुटुंब गावांची तुलना बहुधा दोनच मापांनी करते : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे अंतर आणि सदनिकेची किंमत. टिटवाळ्याचा इतिहास पाहिला असता मात्र असे दिसते की, तेथील राहणीमान या दोन मापांपेक्षा पाण्याची सोय आणि स्थानिक कारभाराचे स्वरूप यांनी अधिक ठरत आले आहे.

गावाच्या प्रसिद्धीचा आरंभच पाण्याशी जोडलेला आहे. परंपरा येथे कण्व ऋषींचा आश्रम मानते आणि महागणपतीच्या स्थापनेचे श्रेय शकुंतलेला देते; थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात (१७६१–७२) दुष्काळामुळे तळ्याचा गाळ उपसताना ही मूर्ती पुन्हा सापडली, असेही ती सांगते. यातील पौराणिक भाग श्रद्धेचा असला, तरी काळू नदीकाठच्या या भातशेतीच्या गावात उन्हाळ्यातले पाणी ही जुनी चिंता होती, हे त्या कथेतूनही जाणवते.

१८५४ मध्ये कल्याणपर्यंत आलेला ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीचा लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत वाढला आणि टिटवाळ्याचा परिसर मुंबईशी थेट जोडला गेला. तरीही दीर्घकाळ हे गाव चतुर्थी-अंगारकीला दर्शनाला यावे असेच राहिले. नोकरदारांनी कायमचे घर करावे, असे ते झाले नाही. पुढे ते तसे होण्यामागे मुंबईतील घरांची कोंडी होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी, म्हणजे ‘प्रमाण भाड्या’शी, बांधून ठेवल्यामुळे भाड्यासाठी चाळी बांधणे परवडेनासे झाले, जुन्या खोल्या पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी मोबदला देऊन, हस्तांतरित होऊ लागल्या आणि मध्यमवर्ग डोंबिवली-कल्याणकडे सरकला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबांनी खोल्या विकून कल्याणच्या पलीकडचा रस्ता धरला. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनसारख्या कारखान्यामुळे या पट्ट्यात स्थानिक रोजगारही होता. २००९ मध्ये तो बंद पडल्यावर रोजच्या कमाईसाठी लोकलवरचे अवलंबित्व आणखी वाढले.

केवळ अंतर पाहिले, तर टिटवाळा (६४ किलोमीटर) आणि कर्जत मार्गावरील बदलापूर (६८ किलोमीटर) जवळजवळ सारखेच ठरतात; फरक आहे तो कारभारात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महापालिकेत प्रारंभी बदलापूरचाही समावेश होता. १९९२ मध्ये ते बाहेर पडून त्याची स्वतंत्र नगरपरिषद झाली, तर टिटवाळा आजच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या उत्तर टोकाला आहे. त्याच्या पुढच्या खडवली-वासिंदचा कारभार ग्रामपंचायती पाहत आल्या आहेत. एका मोठ्या महापालिकेच्या कडेला असण्याचे फायदे आणि तोटे दोन्ही आहेत : तिचा अर्थसंकल्प आणि तांत्रिक यंत्रणा लहान नगरपरिषदेच्या तुलनेत मोठी असते, परंतु तिच्या निधीवर आणि लक्षावर दाट वस्तीच्या कल्याण-डोंबिवलीचा दावा आधी पोहोचतो.

प्रवासाचीही तीच कथा. टिटवाळ्याहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, हे येथील घराचे मोठे आकर्षण आहे. पण कल्याण-कसारा दरम्यान उपनगरी गाड्यांना लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्यांबरोबर दीर्घकाळ दोनच रूळ वाटून घ्यावे लागले, त्यामुळे वेळापत्रकातील मिनिटे आणि प्रत्यक्षातील मिनिटे सारखी राहत नाहीत. नदी उन्हाळ्यात आधार असली, तरी पावसाळ्यात काळूच्या पुराने रुंद्याचा सखल पूल पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांचा टिटवाळ्याशी संपर्क तुटत आला आहे.

मागणी वाढली, तशा मांडा, बल्याणी या भागांत परवानगीविना चाळीही उठल्या, आणि घराची कायदेशीरता हा राहणीमानाचाच प्रश्न बनला. सदनिका विकणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाची कर्तव्ये ठरवणारा मालकी सदनिका कायदा १९६३ चा आहे. प्रकल्पनोंदणी सक्तीची करणारे महारेरा हे नियामक प्राधिकरण २०१७ मध्ये आले. त्यामुळे गिरणगावातून बाहेर पडलेल्या पिढीच्या हाती नसलेले साधनही आजच्या ग्राहकाच्या हाती आहे.

ही साधने वापरणाऱ्याने स्थानकापासूनचे अंतर शेवटी मोजावे. त्याआधी उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येते, ऑगस्टमध्ये इमारतीकडे येणारा रस्ता कोरडा राहतो का, आणि बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची अधिकृत संमती, महापालिकेच्या दफ्तरात खरोखर नोंदलेली आहे का, हे पाहावे. टिटवाळ्यातील स्वस्त घर या तीन कसोट्यांना उतरले, तरच ते स्वस्त म्हणता येईल.