वळिवड्याची काळी चौकट

'पर्सेपोलिस'सारखं इराणमधलं चित्रांचं पुस्तक आपण कोल्हापूरकरांनी का वाचावं? त्यात इतिहास वाचायची एक रीत आहे आणि ती आपल्या वेशीवरच उपयोगी पडते, म्हणून.

मार्जान सत्रापी १९६९ साली रश्त शहरात जन्मली. १९७९ची क्रांती, १९८०पासून इराकशी युद्ध. हे सारं तिनं लहान मुलीच्या नजरेतून काळ्या-पांढऱ्या चौकटींत मांडलं. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं कंकण दिसतं. शेवटची चौकट नुसती काळी. तिथं आपल्याला थांबावंच लागतं.

या रश्तजवळ अंझली बंदर आहे. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून हजारो पोलिश माणसं तिथं उतरली. सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१मध्ये त्यांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. त्यांतलेच काही जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३मध्ये आपल्या वळिवड्याच्या छावणीत पोचले. सुमारे ५,००० माणसांची वस्ती. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट पथकं, सगळं होतं. १९४८पर्यंत ती टिकली.

ही गोष्ट आपण 'कोल्हापूरनं आसरा दिला' इथून सुरू करतो. आसरा दिला, हे खरंच. पण त्या मुलांची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. थंडी, उपासमार, वाटेत गेलेली भावंडं. आपल्या सांगण्यातून नेमकी ही काळी चौकट गळते.

पुढं छावणी रिकामी झाली आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत राहू लागली. आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर हेच. एकाच जागी दोन उखडलेली बालपणं! आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'मध्ये वडील न्यूयॉर्कमध्ये बसून बोलतात आणि शेजारच्या चौकटीत युद्धातलं पोलंड दिसतं. वळिवडंही असंच, दोन काळ शेजारी ठेवून वाचायला हवं.

त्या बराकींत वाढलेली सिंधी मंडळी आज ऐंशीच्या आसपास आहेत. छावणीशेजारच्या गावांतली तेव्हाची पोरं नव्वदीकडे झुकलीत. त्यांना सालं विचारू नका. दार कसं होतं, रात्री काय ऐकू यायचं, आई कधी रडायची, हे विचारा. नातवंडांकडून त्याची चित्रं काढून घ्या. हे काम यंदाच करायला हवं.