महामारी, मूत्रपिंड आणि ‘नियोजित’ हा शब्द

विषय वैद्यकाचा आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. म्हणून औषधांपेक्षा मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘नियोजित शस्त्रक्रिया’.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबईत प्लेग होता तेव्हाचा हा कायदा. त्यामागची समजूत साधी आहे, माणसांची ये-जा थांबवली की रोग थांबतो. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. तातडीच्या शस्त्रक्रिया करायच्या, नियोजित पुढे ढकलायच्या, असं धोरण ठरलं. जिवंत दात्याकडून होणारं मूत्रपिंड प्रत्यारोपण ‘नियोजित’च्या रकान्यात गेलं.

याला कारणं होती. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. ऐन साथीत कुणाची प्रतिकारशक्ती दाबायची, हा धोकाच. दाता तर धडधाकट माणूस, त्याला अशा वेळी रुग्णालयात कशाला आणायचं? आणि रुग्णाला तोवर डायलिसिस आहेच की!

पण हे ‘आहेच की’ जरा तपासून बघा. डायलिसिस म्हणजे साधारण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास. सगळ्या देशाला घरात बसायला सांगितलं, तेव्हा या माणसाला घराबाहेर पडावंच लागत होतं. तेही रुग्णालयात, जिथे संसर्गाची भीती सर्वांत जास्त. म्हणजे जे थांबवलं ते सुरक्षिततेसाठी, आणि ज्याच्या भरवशावर थांबवलं तेच जोखमीचं.

आपल्या हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. वर गेलं की मुंबई, आणि पालीवरून आंबा घाट चढला की कोल्हापूर. प्रत्यारोपणासाठी इथल्या माणसाला हेच रस्ते. त्या वर्षी जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागायचा, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला रद्द झाला. ज्यांचं प्रत्यारोपण आधीच झालं होतं त्यांची गोष्ट उलटी. त्यांनी घरात बसायचं, पण रोजच्या गोळ्या याच रस्त्याने यायच्या. आणि त्या गोळ्या चुकवून चालत नाही.

आता आकडे बघू. देशात २०१९ साली सर्व अवयवांची मिळून १२,६६६ प्रत्यारोपणं झाली. २०२० साली ७,४४३. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते ७१५ वरून ३५१ वर आले. अपघात कमी झाले, अतिदक्षता विभाग कोविडने भरले, नातेवाइकांशी समोर बसून बोलणं कठीण झालं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोविड झालेल्या २५० मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांचा भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून अभ्यास केला, त्यात ११.६ टक्के दगावले. डॉक्टरांची भीती खरी होती.

मग प्रश्न कुठे राहतो? १९६२ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे डायलिसिसची यंत्रं मोजकी होती. ती कुणाला द्यायची हे सामान्य नागरिकांची एक समिती ठरवायची. तिच्यावर खूप टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण निवड होते आहे हे तिथे सगळ्यांना दिसत तरी होतं. २०२० मध्ये निवड एका शब्दाने केली. ‘नियोजित’ म्हटलं की कुणी कुणाला मागे ठेवलं असं वाटतच नाही. शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरवता येते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. रुग्ण थांबू शकतो, हा अर्थ आपण त्याला चिकटवला.

लसीच्या वेळी यादी निदान उघड होती. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस सुरू झाली. त्या व्याधींच्या यादीत प्रत्यारोपण झालेले, त्यासाठी थांबलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण होते. पण तिशीतला रुग्ण वयाच्या अटीमुळे बाहेर राहिला. त्याची पाळी १ मेनंतर आली. यादी उघड असल्यामुळे निदान ‘तिशीतल्यांचं काय?’ असं विचारता तरी आलं.

प्रत्यारोपण पुढे ढकलणं अन्याय्य होतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की पुढे ढकलताना तीन गोष्टी सांगायला हव्यात : किती दिवसांसाठी, कुणी ठरवलं, आणि मधल्या काळाचा भार कुणी उचलायचा. पुढची साथ येईल तेव्हा विषाणू नवा असेल, पण हे तीन प्रश्न तेच असतील. त्यांची उत्तरं साथ नसताना तयार ठेवायची असतात, म्हणजे आत्ता.