सोडियम बॅटरीतील 'जेल' म्हणजे काय? सोप्या भाषेत माहिती

फुगलेली मोबाइल बॅटरी बहुतेक घरांनी पाहिली आहे. चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरला आग लागल्याच्या बातम्याही येतात. अशी आग भडकवण्यात बॅटरीतल्या ज्वलनशील द्रवाचा मोठा वाटा असतो. म्हणूनच या द्रवाच्या जागी जेल वापरण्यावर संशोधन सुरू आहे.

सोडियमच का?
लिथियम मोजक्याच देशांत सापडते. सोडियम मात्र आपल्या खाण्याच्या मिठातही आहे. पृथ्वीच्या कवचात ते वजनाने २ टक्क्यांहून जास्त आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यात पुण्याच्याच आयसर संस्थेचा सहभाग होता.

जेल काम कसे करते?
बॅटरी चार्ज होताना आणि वापरताना सोडियमचे आयन दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ये-जा करतात. त्यांची वाट म्हणजे इलेक्ट्रोलाइट. चायना ग्रास घातले की पातळ दूध थिजते, पण दूध आतच राहते. इथेही तसेच आहे. पीव्हीडीएफ-एचएफपी किंवा पीएमएमए या पॉलिमरची जाळी सोडियमच्या क्षाराचे द्रावण धरून ठेवते. द्रव सहजासहजी गळत नाही आणि आयनही फिरत राहतात.

सुरुवात कुठून झाली?
१९७३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पीईओ या पॉलिमरमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार सामावतात, हे दाखवले. पण कोरड्या पीईओमधून साध्या तापमानाला आयन फार हळू सरकतात. जेलमध्ये हा वेग शेकडो पटींनी वाढतो, कारण त्यात द्रव असतो.

अडचण काय?
द्रव जास्त झाला तर पडदा कमजोर होतो, पॉलिमर जास्त झाले तर वेग मंदावतो. शिवाय आत द्रव असल्याने जेल बॅटरी 'आगीपासून पूर्ण सुरक्षित' म्हणता येत नाही. धोका कमी होतो, एवढेच. सोडियम बॅटरी तेवढ्याच विजेसाठी सहसा लिथियमपेक्षा जड भरते. त्यामुळे एका जागी ठेवायच्या सोलर साठवणुकीला ती जास्त सोयीची.

तोवर एवढे पाळा: फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका आणि चार्जर कंपनीने सांगितलेलाच वापरा.